हिमालयातलं स्लिपर ऑर्किड: व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये पाहायचं कसं, टिपायचं कसं

महाराष्ट्रातून व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाणाऱ्या बहुतेक गटांच्या तारखा जुलैचा शेवट ते पंधरा ऑगस्टची सुट्टी यांच्या दरम्यान पडतात. त्या दिवसांत घाटी फुलांनी भरलेली असते, हे खरंच. पण तिथलं सगळ्यात देखणं, सगळ्यात दुर्मीळ फूल तोवर बहुधा संपलेलं असतं. स्लिपर ऑर्किडचा हंगाम जूनच्या अखेरीस सुरू होतो आणि जुलैच्या मध्याला ओसरतो. त्यामुळे या लेखातला सगळ्यात उपयोगी सल्ला आधीच देतो: तिकिटं काढायच्या आधी तारखा बदला. कॅमेरा, लेन्स, कौशल्य हे सगळं त्यानंतर.

दुसरी गोष्टही इथेच सांगतो. या फुलाचा चांगला फोटो मिळणं हे तीन चतुर्थांश नजरेवर आणि पावलांवर अवलंबून आहे. म्हणून पुढे कॅमेऱ्यापेक्षा शोधणं, जवळ जाणं आणि बघत बसणं यावर जास्त लिहिलं आहे.

आधी फुलाची ओळख

स्लिपर ऑर्किड म्हणजे ऑर्किड कुळातला एक उपगट. जगभरात त्याच्या पाच प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचे गट) आहेत. भारतात त्यांपैकी दोन निसर्गात सापडतात: पॅफिओपेडिलम आणि सायप्रिपेडियम. पॅफिओपेडिलम मुख्यतः ईशान्येकडच्या दमट जंगलांत वाढतं. त्यातली एक जात मात्र आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, अगस्त्यमलैच्या डोंगरांत आहे. संग्राहकांनी ती इतकी ओरबाडली की आज ती नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात स्लिपर ऑर्किड नाही. आपल्याकडच्या माणसाला ते पाहायचं तर प्रवास करावाच लागतो, आणि त्यातला सगळ्यात सरळ प्रवास उत्तराखंडचा.

हिमालयातली मंडळी सायप्रिपेडियम प्रजातीतली. पश्चिम हिमालयात तीन जाती लक्षात ठेवायच्या.

पहिली सायप्रिपेडियम हिमालइकम. व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये आपण मुख्यतः हिलाच शोधणार आहोत. उंची वीत-दीड वीत. देठाला बहुधा तीन लांबट पानं, आणि टोकाला एकच फूल. पाकळ्या हिरवट पिवळ्या, त्यांवर उभ्या तपकिरी-जांभळट रेषा. खालची पिशवी गोलसर, गडद मरून, तोंडाशी फिकट आणि खाचा पडलेली. वरचं दल त्या तोंडावर छपरासारखं झुकलेलं असतं, त्यामुळे पावसाचं पाणी थेट पिशवीत पडत नाही.

दुसरी सायप्रिपेडियम कॉर्डिजेरम. ही उंचीला मोठी, कधी कधी गुडघ्यापर्यंत येते. पिशवी पांढरी स्वच्छ, आणि मध्यभागी बदामाच्या आकाराची पिवळी ढाल, तिच्यावर लाल ठिपके. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड इथल्या देवदार, फर आणि भोजपत्राच्या जंगलांच्या कडांना, थोड्या कमी उंचीवर ती आढळते. मे-जूनमध्ये हिमाचलला ट्रेक करणाऱ्यांना ती दिसण्याची शक्यता जास्त.

तिसरी सायप्रिपेडियम एलेगन्स. बोटाएवढी. जमिनीलगत समोरासमोर दोन पानं आणि त्यांवर इवलंसं फूल. शेवाळात आणि खुरट्या झुडपांच्या आडोशाला वाढते. ही ठरवून सापडत नाही. दिसली तर भाग्य.

फुलाची रचना नीट समजून घ्या, कारण फोटोत काय स्पष्ट यायला हवं ते त्यावरून ठरतं. समोरची पिशवी म्हणजे ऑर्किडचा तिसरा, बदललेला पाकळीभाग; वनस्पतिशास्त्रात त्याला ओठ म्हणतात. पिशवीच्या तोंडावर, वरच्या बाजूला एक छोटी ढाल असते. तो एक वांझ पुंकेसर आहे. तिच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक सुपीक पुंकेसर आणि खाली कुक्षी. बाकीच्या बहुतेक ऑर्किडमध्ये सुपीक पुंकेसर एकच असतो. स्लिपर ऑर्किडमध्ये दोन. पिशवीच्या मागे खाली लोंबणारं एक दल दिसतं. ती खरं तर दोन दलं एकत्र जुळलेली असतात.

आता या सगळ्याचं काम. कोकणात चढणीच्या माशांसाठी ओढ्यात खोइन लावतात, तशी ही पिशवी आहे: आत शिरणं सोपं, आल्या वाटेनं परतणं जवळजवळ अशक्य. रंगाने, वासाने भुललेली माशी पिशवीत उतरते. कडा आत वळलेल्या आणि भिंती गुळगुळीत, त्यामुळे तिला वर चढता येत नाही. मागच्या भिंतीवर मात्र केसांची शिडी असते. त्या वाटेनं चढताना माशी आधी कुक्षीखालून सरपटते आणि मग एका पुंकेसराला पाठ घासून, अरुंद फटीतून बाहेर पडते. पाठीवर चिकट परागाचा लेप बसतो. पुढच्या फुलात हाच क्रम, म्हणून पराग कुक्षीला आधी लागतो. मध नाहीच. शुद्ध फसवणूक. डार्विनला सुरुवातीला वाटलं होतं की कीटक बाहेरूनच सोंड घालत असेल. अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी माशी आत शिरून मागून बाहेर पडत असावी असं सुचवलं, तेव्हा डार्विनने मधमाश्यांच्या गटातली एक लहान माशी पकडून पिशवीत सोडली आणि ती पराग माखून बाहेर येताना पाहिली.

मध मिळत नसल्यामुळे माश्या लवकर शहाण्या होतात, आणि फार थोड्या फुलांना फळ धरतं. फळ धरलं तर त्यात धुळीएवढ्या बारीक हजारो बिया असतात, पण त्यांत अन्नसाठा नसतो. रुजायला मातीतली विशिष्ट बुरशी भेटावी लागते. रोप पहिली काही वर्षं जमिनीखाली काढतं आणि फूल यायला आणखी बरीच वर्षं जातात. आपल्यासमोर उभं असलेलं वीतभर झाड एखाद्या शाळकरी मुलाच्या वयाचं असू शकतं. पुढे पावलांबद्दल जे लिहिलं आहे, त्यामागचं कारण हे आहे.

तारखा आणि प्रवास

उद्यान १ जूनला उघडतं आणि ३१ ऑक्टोबरला बंद होतं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात वाटेवर बर्फाचे पट्टे असतात. प्रिम्युला, ॲनिमोनी, भोजपत्राच्या सावलीत ट्रिलियम दिसतात, पण स्लिपर ऑर्किड नुकतंच जमिनीतून डोकं काढत असतं. माझं मत विचाराल तर जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचे पहिले दहा दिवस. बर्फ उशिरा वितळलेल्या वर्षी हंगाम काही दिवस पुढे सरकतो. म्हणून निघण्याआधी आठवडाभर घांघरियातल्या एखाद्या हॉटेलवाल्याला किंवा गाइडला फोन करा आणि बर्फ कुठवर आहे ते विचारा. ‘ऑर्किड फुललंय का’ या प्रश्नापेक्षा या प्रश्नाचं उत्तर जास्त खात्रीचं मिळतं.

याच दिवसांना आणखी एक कारण आहे. ऑगस्टमध्ये घाटीत तेरड्याची भावंडं आणि ज्याला तिथले लोक अमेला म्हणतात ते पॉलिगोनम माणसाच्या उंचीपर्यंत वाढतं. वीतभर ऑर्किड त्या गर्दीत फुललेलं असतं तरी दिसलं नसतं. जुलैच्या सुरुवातीला गवत घोट्याएवढं असतं आणि नजर जमिनीपर्यंत पोचते.

रस्ता सांगायचा तर हरिद्वार किंवा ऋषिकेशहून दिवसभराच्या मोटारप्रवासाने जोशीमठ, आता ज्योतिर्मठ. तिथून गोविंदघाट, पुढे पुलनापर्यंत जीप, आणि पुलना ते घांघरिया सुमारे दहा किलोमीटर चालत किंवा खेचरावर. घांघरिया ३,०४९ मीटरवर आहे. घाटीत मुक्कामाला परवानगी नाही, रोज जाऊन संध्याकाळपर्यंत परतायचं. परवाना वनखात्याच्या चौकीवर मिळतो. प्रवेशाच्या आणि परतीच्या वेळा तिथल्या फलकावर वाचून घ्या, कारण दुपारनंतर आत सोडत नाहीत.

पावसाळ्यात बद्रीनाथ मार्गावर दरडी कोसळतात. परतीच्या रेल्वे किंवा विमानाच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवा. हे दोन दिवस वाया जात नाहीत. दरड नाही पडली तर ते घाटीतच घालवा. एका दिवसाच्या ट्रेकमध्ये हे फूल नीट पाहून होत नाही. किमान तीन दिवस घाटीत जायचं असं ठरवूनच या. पहिला दिवस शोधण्यात आणि शरीराला उंचीची सवय होण्यात जातो, दुसरा बघण्यात, आणि फोटो खऱ्या अर्थाने तिसऱ्या दिवशी होतात. गटाबरोबर जाणार असाल तर आयोजकांना आधीच सांगा की गट हेमकुंड साहिबच्या गुरुद्वाऱ्याला जाईल त्या दिवशीही तुम्ही घाटीत जाल. हेमकुंडला नीलपॉपी आणि ब्रह्मकमळ आहे, त्याचं आकर्षण मोठं असतं, पण त्यांचाही भर जुलैच्या मध्यानंतरच.

घरून निघण्याआधीचा सराव

आपल्याकडचे सडे आणि माळ यासाठी उत्तम शाळा आहेत. जमिनीवरच्या आमऱ्या, म्हणजे हबेनारियाच्या जाती, सह्याद्रीत पावसाच्या पहिल्या महिन्यांत फुलतात. त्यांतली एक, हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस, जमिनीला चिकटलेलं एकच गोल पान आणि त्यातून उठणारी पांढरी फुलं घेऊन येते. आदल्या पावसाळ्यात एखाद्या सड्यावर जाऊन तिचे फोटो काढा, पण एक अट घालून घ्या: वाटेवरून न उतरता, वाऱ्यात, ढगाळ उजेडात, आणि गवताची एक काडीही न तोडता. हिमालयात परिस्थिती हुबेहूब हीच असणार आहे. आपली लेन्स किती अंतरावरून किती मोठं फूल दाखवते आणि कोणत्या शटर स्पीडला हात हलतो, हे तिथे कळायला नको. इथेच कळलेलं बरं.

शोधायचं कसं

फूल शोधू नका, पान शोधा. मरून रंग सावलीत मातीत मिसळून जातो. पान मात्र ओळखता येतं: उभ्या ठळक शिरा आणि त्या शिरांवर बारीक घड्या, तळाशी देठाला वेढून बसलेलं, किंचित लवदार. एपिपॅक्टिस नावाच्या दुसऱ्या ऑर्किडची पानं अशीच घडीदार असतात आणि तीही याच परिसरात सापडतात. पण त्यांच्या देठावर पानं जास्त आणि लहान होत वर जातात, आणि फुलांचा तुरा असतो. तीन पानं आणि टोकाला एकच कळी दिसली की थांबा.

जागा कशी असते? भोजपत्राचं जंगल संपून कुरण सुरू होतं तो पट्टा, खुरट्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या कडा, पाणी साचत नाही पण ओल टिकते असे उतार, मोठ्या शिळांच्या पायथ्याची कुजलेल्या पानांची माती. पायवाटेच्या कडेला हात-दोन हातांवरही ते उगवतं. जवळपास सालमपंजा, म्हणजे डॅक्टिलोरायझा हे गुलाबी तुऱ्याचं ऑर्किड दिसलं तर चाल आणखी मंद करा. आणि तेही नीट बघा. कंदासाठी खणून खणून हिमालयातून ते किती संपत आलं आहे, हे इथे त्याचा भरगच्च वाफा पाहिल्यावर लक्षात येतं.

चाल अगदी संथ हवी. दहा पावलं, थांबा, दोन्ही बाजूंचा उतार खालून वर पाहा. जाताना आणि येताना उजेडाची दिशा बदलते. सकाळी न दिसलेलं फूल परतताना मागून उजेड आला की उठून दिसतं, म्हणून परतीची वाटही शोधाचीच धरा. आणि स्थानिक गाइड घ्या. भ्यूंडार आणि पुलना गावच्या लोकांचं बालपण या वाटांवर गेलेलं असतं. गाइडला पैसे ठरवताना स्पष्ट सांगा की आज किलोमीटर मोजायचे नाहीत.

पाऊल कुठे टाकायचं

व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये पायवाट सोडायला मनाई आहे. फोटोसाठी ‘फक्त दोन पावलं’ हासुद्धा नियमभंगच. मी याबाबत कडक आहे आणि तुम्हीही असावं असं मला कळकळीने वाटतं.

सायप्रिपेडियमचं आडवं खोड मातीच्या वरच्या थरात, अगदी उथळ पसरलेलं असतं. पुढच्या वर्षीची कळी या वर्षीच्या देठाच्या तळाशीच तयार होत असते. फुललेल्या झाडाभोवती त्याचीच न फुललेली पिल्लं असतात, एकेक पानाची, गवतासारखी दिसणारी. फोटो काढायला गुडघे टेकतो ते नेमके त्यांच्यावर. शिवाय माती दाबली गेली की तिच्यातली हवा जाते, बुरशीचं जाळं तुटतं. फुलाला हात न लावता, केवळ भोवती उभं राहून माणसं त्याची वसाहत संपवू शकतात. एकाने गवत दाबलं की तिथे वाट दिसते, दुसरा त्याच वाटेने जातो, आणि हंगामाअखेर तिथे माती उघडी पडलेली असते.

तुम्ही दुसरीकडे, हिमाचलच्या किंवा कुमाऊंच्या एखाद्या जंगलात असाल, जिथे वाट सोडण्यावर बंदी नाही, तिथे ही पद्धत वापरा. फूल दिसलं की लांबूनच थांबा. फुलापासून आपल्यापर्यंतची जमीन नजरेने चाळा आणि घडीदार पानं कुठे कुठे आहेत ते मोजा. मग दगडावर किंवा उघड्या मुरमावर पाय ठेवत, उताराच्या खालच्या बाजूने जा, कारण वरून गेलात तर माती सुटून झाडावर येते. गुडघ्यासाठी एकच जागा निवडा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. चटई अंथरू नका. सॅक वाटेवर ठेवा. सोबतच्यांना एकेक करून बोलवा. आणि झाडाभोवती पिल्लं इतकी दाट असतील की पाय ठेवायला जागाच नाही, तर लांबून पाहून परत फिरा.

फुलासमोर आलेली गवताची काडी तोडायची नाही. हाताने बाजूला धरता येते, किंवा दोऱ्याच्या सैल फासाने तात्पुरती वळवता येते. फोटो झाला की सोडून द्यायची. तीच काडी दुपारच्या उन्हात त्या फुलाला सावली देत असते. स्प्रेच्या बाटलीने पाण्याचे थेंब उडवणं, पिशवीत बोट घालून आत बघणं, पाठीमागे काळं कापड खुपसणं हे सगळं टाळा. राष्ट्रीय उद्यानातून रोप, पान, बोंड काहीही उचलणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. आणि व्यवहार म्हणूनही ते निरर्थक आहे: ती बुरशी आणि तो हिवाळा पुण्या-मुंबईच्या कुंडीत मिळत नाही, रोप मरतं.

कॅमेरा काढायच्या आधी

पहिला अर्धा तास फक्त बघा. दोन-तीन मीटरवर, वाटेच्या कडेला, सोबतच्यांना जागा सोडून बसा. ऊन असेल तेव्हा, साधारण दहा ते दोन, कीटकांची ये-जा सर्वांत जास्त असते. कोण येतं? किती जण नुसतं घिरट्या घालून जातात, किती पिशवीच्या कडेवर उतरतात? आत गेलेली माशी किती वेळाने बाहेर येते आणि कुठून? बाहेर पडल्यावर तिच्या पाठीवर पिवळसर लेप दिसतो का? सिक्कीम-तिबेटकडच्या सायप्रिपेडियम टिबेटिकमवर झालेल्या अभ्यासात बंबलबीच्या राण्या हे काम करताना आढळल्या आहेत. त्यामुळे केसाळ, जाडजूड बंबलबी फुलाकडे वळताना दिसली तर श्वास रोखून पाहा.

वहीत लिहा: फुललेले देठ किती, न फुललेले किती, पानं किती, उताराचं तोंड कोणत्या दिशेला, सावली कशाची, शेजारी कोणत्या वनस्पती, कुठे कुरतडल्याच्या खुणा, मागच्या वर्षीचं वाळलेलं बोंड आहे का. वाळलेलं बोंड दिसलं तर तिथे मागच्या वर्षी परागण झालं होतं, ही मोठी बातमी आहे. या नोंदी पाच मिनिटांच्या आहेत आणि फोटोपेक्षा जास्त काळ उपयोगी पडतात.

फोटो

वाटेवरूनच काढायचं असल्यामुळे लेन्सची निवड नेहमीपेक्षा वेगळी होते. १०० मिमीची मॅक्रो लेन्स घरच्या बागेत उत्तम, पण मीटरभर अंतरावरून ती या फुलाला चौकटीच्या साधारण सहाव्या भागाएवढंच दाखवते. ७०-३०० सारखी झूम, जिचं किमान फोकस अंतर दीड मीटरच्या आत आहे, ती इथे जास्त कामाची. एकच लेन्स न्यायची असेल तर मी हीच नेईन. दुसरी न्यायची असेल तर २४ किंवा २८ मिमीची, अधिवासासाठी. मॅक्रो तिसऱ्या क्रमांकावर.

कॅमेरा फुलाच्या उंचीला आणा. वरून काढलेल्या फोटोत फक्त छपरासारखं दल दिसतं, पिशवीचं तोंड लपतं. त्यासाठी वाटेवर बसावं, कधी आडवं व्हावं लागतं. वाट अरुंद आहे आणि तिच्यावरून कंडीत, म्हणजे पाठीवरच्या टोपलीत, माणसं घेऊन जाणारे लोक येतात. त्यांच्यासाठी ताबडतोब उठायचं. ट्रायपॉडपेक्षा छोटी कापडी पिशवी बरी. रिकामी घेऊन या, जोशीमठला त्यात तांदूळ भरा, वाटेवरच्या दगडावर ठेवा आणि तिच्यावर लेन्स टेकवा. परतताना ते तांदूळ कोणाला तरी देता येतात.

सेटिंगचं गणित असं. एवढ्या जवळून, ३०० मिमीला आणि एफ/११ ला, फुल फ्रेम कॅमेऱ्यावर स्पष्ट दिसणारी खोली सेंटीमीटरभरच मिळते. पिशवी तिच्यापेक्षा खोल असते. म्हणजे सगळं फूल स्पष्ट येणार नाही, निवड करावी लागेल. फोकस ढालीवर आणि पिशवीच्या तोंडाच्या पुढच्या कडेवर धरा. ओळख पटवायला ढाल सर्वांत महत्त्वाची. बाजूने काढाल तेव्हा सगळं फूल जवळजवळ एका पातळीत येतं, तिथे एफ/८ पुरतं आणि पार्श्वभूमी मऊ राहते. वारा नसेल तर फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढून घरी जोडता येतात. घाटीत वारा नसण्याची वेळ म्हणजे सकाळचा पहिला प्रहर, चौकी उघडल्याबरोबर आत शिरलात तर.

वाऱ्यात शटर १/२५० किंवा जास्त ठेवा आणि त्यासाठी आयएसओ ८०० ते १६०० पर्यंत न घाबरता वाढवा. थोडे दाणे दिसलेले चालतात, हललेली ढाल चालत नाही. झुळकांच्या मधे फूल क्षणभर स्थिर होतं, तेव्हा पाच-सहा फोटोंची सलग मालिका घ्या.

उजेडाबाबत पावसाळा आपल्या बाजूने असतो. पातळ ढगातून येणारा उजेड पिशवीची गोलाई आणि पाकळ्यांवरच्या रेषा दोन्ही नीट दाखवतो. कडक ऊन असेल तर सोबत्याला छत्री धरायला सांगा. पांढरी असेल तर फार छान. हिमालइकमच्या गडद पिशवीमुळे कॅमेरा फोटो उजळ करू पाहतो आणि मरून रंग फिका पडतो, म्हणून एक्स्पोजर थोडं खाली, -०.३ ते -०.७. कॉर्डिजेरमची पांढरी पिशवी उन्हात सरळ जळते. तिथे -१ पर्यंत जा आणि हिस्टोग्राम पाहत राहा. रॉ फाइल ठेवा, कारण ढगाळ हवेत मरून रंग निळसर होतो आणि तो नंतर दुरुस्त करावा लागतो.

मोबाइलवर काम होत नाही असं नाही. दोन किंवा तीन पटींची टेलिफोटो लेन्स वापरा. ‘मॅक्रो’ पर्याय बंद ठेवा, कारण तो फोनला फुलापासून काही सेंटीमीटरवर न्यायला लावतो. पडद्यावर ढालीवर बोट दाबून धरून फोकस पक्का करा आणि उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा.

एका झाडाचे कोणते फोटो हवेत? समोरून फूल. बाजूने फूल, ज्यात पिशवीच्या मागच्या बाजूची बाहेर पडायची फट दिसेल. मागून जुळलेलं दल आणि फुलाखालचा अंडाशय. पानं, तळापासून. आणि सगळ्यात दुर्लक्षित पण माझ्या मते सगळ्यात मोलाचा: रुंद लेन्सने फुलासकट उतार, ढग, भोजपत्राची खोडं. फक्त फुलाचा जवळचा फोटो कुठल्याही काचगृहात काढता येतो. हे फूल त्या उतारावर आहे म्हणून आपण इतक्या लांब आलो.

पावसासाठी: कॅमेऱ्यावर साधी प्लास्टिकची पिशवी, लेन्सला हूड, खिशात दोन-तीन कोरडे सुती रुमाल. घांघरियातल्या गरम खोलीत कॅमेरा थेट बाहेर काढू नका. सॅकमध्येच बंद ठेवून तासभर जाऊ द्या, नाहीतर आतून वाफ धरते. सिलिका जेलच्या पुड्या डब्यात. वीज जाते, म्हणून बॅटऱ्या जास्तीच्या.

ठिकाण सांगायचं नाही

इंग्लंडमध्ये सायप्रिपेडियम कॅल्सिओलस ही जात संपली असं मानलं गेलं होतं. १९३० साली यॉर्कशायरमध्ये तिचं एक झाड सापडलं आणि कित्येक दशकं ती जागा मूठभर लोकांनी गुप्त ठेवली, पहारा दिला. ते झाड टिकलं त्यामागे हे मौन होतं. हिमालइकम आज आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेलं आहे. आपलं वागणंही तसंच हवं.

निघण्याआधी फोन आणि कॅमेऱ्याचं जीपीएस बंद करा. चालू राहिलंच असेल तर फोटो कुठेही टाकण्यापूर्वी फाइलमधून ठिकाणाची माहिती काढून टाका. व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती माहिती त्याच्याबरोबर जाते, हे अनेकांना माहीत नसतं. अधिवासाच्या फोटोत ओळखता येईल असा पूल, शिळा किंवा शिखर आलं असेल तर तो फोटो स्वतःजवळ ठेवा. समाजमाध्यमांवर हंगाम संपल्यावरच टाका आणि ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ एवढंच लिहा. कोणी नेमकी जागा विचारली तर नम्रपणे नाही म्हणा, मित्र असला तरी.

शास्त्रीय नोंद मात्र जरूर करा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना ठिकाण ‘अस्पष्ट’ ठेवायचा पर्याय निवडा. मग नकाशावर सुमारे वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी ठिपका दिसतो, नेमकी जागा नाही. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवरही नोंद करता येते. तुमच्या वहीतली देठांची संख्या आणि बोंडांची नोंद सोबत लिहा. वसाहतीत खणल्याच्या किंवा तोडल्याच्या खुणा दिसल्या तर त्याच संध्याकाळी चौकीवर सांगा. तिथे नेमकं ठिकाण सांगायला हरकत नाही, उलट सांगायलाच हवं.

ऑगस्टमध्येच जाता येत असेल तर

सुट्ट्या आपल्या हातात नसतात. ऑगस्टमध्ये गेलात तरी झाड तिथेच असतं. तीन घडीदार पानं, आणि कुठे कुठे टोकाला उभं हिरवं बोंड. उंच गवतामुळे वाटेच्या अगदी कडेचीच झाडं दिसतील. ती मोजा: बोंड असलेली किती, नुसता वाळलेला फुलाचा देठ असलेली किती. फुलांचे फोटो सगळेच काढतात. किती फुलांना फळ धरलं हे लिहून ठेवणारे फार थोडे. बोंडाचा फोटो बाजूने, मागे फिकट आकाश घेऊन काढा, म्हणजे त्याच्या कडा आणि टोकाला चिकटून राहिलेलं वाळकं फूल दोन्ही स्पष्ट येतात. सप्टेंबरअखेर जाणाऱ्यांना पानं पिवळी पडलेली आणि बोंड तपकिरी होत आलेलं दिसेल. तेव्हा त्याला स्पर्शही करू नका: उकललेल्या बोंडातल्या बिया धक्क्याने एकाच जागी सांडतात, आणि वाऱ्याने गेल्या तर उतारभर पसरतात.